पाखरं तर बाहेर असतात

ललिताबाई खंडारेंना आताशा नवऱ्याचा राग येत नव्हता. राग यायला समोरच्या माणसाकडून थोडीफार आशा लागते आणि ती त्यांनी केव्हाच गुंडाळून माळ्यावर टाकली होती. उरला होता तो निव्वळ तिटकारा, आणि तो मात्र त्यांनी रोजच्या रोज ताजा ठेवला होता. किसनराव ताटावर बसून देशाच्या परिस्थितीवर बोलू लागले की त्या तव्यावरची पोळी उलटत आणि मागं न पाहता म्हणत, "झालं का? मंग हात धुवा." किसनराव हात धुवायला जात आणि उरलेलं भाषण नळाला ऐकवत.

बडनेऱ्यात या माणसाला कोण ओळखत नाही? रेल्वेत टीसी म्हणून उभा जन्म गेला. रिटायर झाल्यावर काळा कोट पेटीत गेला, पण कोटातला माणूस काही पेटीत जाईना. लग्नाची पंगत असो की कोणी वारल्यावरचं पुण्यानुमोदनाचं जेवण, किस्सा एकच ठरलेला. "विनातिकीट मानूस मी तोंडावरून सांगतो. तिकीट इचारलं का तो आधी खिडकीच्या बाहेर पाह्यते, मंग म्हन्ते, हाय ना साहेब. जो आधी बाहेर पाह्यते तो खोटं बोलून राह्यला. लिहून घ्या." लोक माना डोलावत, कारण पंगतीतून मधेच उठता येत नाही.

घरातही तोच कारभार. नीलम लहानपणी पोट दुखतं म्हणाली की बाप हात पुढं करणार, "दाखवा तिकीट." गृहपाठ झाला म्हणाली, दाखवा तिकीट. एकदा ललिताबाई तापानं फणफणल्या, तर या गृहस्थानं शेजारून थर्मामीटर मागून आणलं, पारा खिडकीशी नेऊन दोनदा वाचला आणि मग कुठं बायको खरंच आजारी असल्याचं मंजूर केलं. त्यानंतर चहा केला. त्या चहात साखर नव्हती, हे ललिताबाई अजून विसरल्या नाहीत.

वर पुन्हा हा माणूस विज्ञानवादी. बुद्धविहारात पौर्णिमेची वंदना झाली की हे उभे राहणार आणि तरण्या पोरांना सांगणार, की बाबांनो, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, पुरावा मागा, तपासा, पटलं तरच माना. बोलणं वाईट नव्हतं. ललिताबाई बायकांच्या रांगेत बसून ऐकत आणि मनात म्हणत, हे सगळं कोणीतरी यालाच एकदा सांगा रे.

रिटायर माणसाला छंद पाहिजे, असं कोणीतरी सांगितलं. सांगणाऱ्याचं वाटोळं होवो. किसनराव अमरावतीला गेले आणि लव्हबर्डची एक जोडी घेऊन आले. हिरवी-पिवळी, दिवसभर चिवचिव. जोडीची दोन जोड्या झाल्या, मग त्यांची पिल्लं, मग ज्याला दुकानदार 'कॉकटेल' म्हणतो तो तुरेवाला पक्षी, मग कबुतरं. किसनरावांनी वेल्डिंगवाल्याकडून माणूस उभा राहील एवढा पिंजरा करून घेतला आणि तो हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला ठेवला. सोफ्यावर पिसं, जिन्याच्या कठड्यावर पिसं, डाळीत पिसं. कॉकटेलनं पंख झटकले की उन्हाच्या तिरिपीत पांढरी भुकटी तरंगताना दिसायची. किसनराव पक्ष्यांशी जितकं गोड बोलत, तितकं लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा बोलले नव्हते. "काय रे माया राजा, जेवला का?" राजा, म्हणजे तो तुरेवाला कॉकटेल, जेवलेला असायचा. बाई जेवली का, हे विचारायची पद्धत त्या घरात नव्हती.

नीलमचं लग्न अकोल्याच्या सुगतशी झालं होतं. पोरगा बँकेत, शांत, कामापुरतं बोलणारा. पक्षी आल्यानंतर नीलम पहिल्यांदा माहेरी आली आणि दारातच शिंकायला लागली. संध्याकाळपर्यंत डोळे सुजून लाल, दुसऱ्या दिवशी छातीत शीळ वाजायला लागली. बापानं हात पुढं केला.

"दाखवा तिकीट."

पुढच्या खेपेला पोरीनं तिकीट आणलंच. अकोल्याच्या छातीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून लिहून दिलं होतं, की हिला पक्ष्यांची अॅलर्जी आहे. त्यांच्या पिसांची, विष्ठेची, अंगावरच्या भुकटीची. दमा उठतो. पक्षी असलेल्या घरात राहू नये. किसनरावांनी तो कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"प्रायव्हेटवाल्याचा कागद. हे लोक पैसे दिले का मान्साले मान्साची अॅलर्जी हाय म्हनून बी लिहून देतात."

"ते त मले बी हाय," ललिताबाई म्हणाल्या. "त्याले कागद नाई लागत."

आणि मग नीलमला दिवस गेले. सासू नव्हती, लग्नाआधीच वारली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, आईच्या हातचं, हे पोरीच्या मनात पक्कं होतं आणि ललिताबाईंच्या तर त्याहून. त्यांनी डिंक, खारीक, खोबरं आणून डबे भरले. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवली. आयुष्यात त्यांना नवऱ्याकडून फार काही मागायचं नव्हतं. हे एकच मागायचं होतं, ते त्यांनी त्याच्यासमोर उभं राहून मागितलं.

"पोरगी येऊन राह्यली. हे पाखरं कोनाले देऊन टाका. बाळंतपण होयेपर्यंत तरी."

किसनरावांनी राजाला दोन दाणे भरवले. मग एखादं राज्य दान करावं तसं म्हणाले, "घरातून काढतो. बस? उद्यापासून एक पाखरू घरात दिसनार नाई."

आणि खरंच दिसलं नाही. चार माणसं बोलावून पिंजरा उचलून बाहेर नेला; घराबाहेर गेला एवढंच ललिताबाईंना पुरे होतं, कुठं ते त्यांनी विचारलं नाही. हॉल धुतला, पडदे धुतले, सोफा उन्हात टाकला. गल्लीतल्या बायका पाहून गेल्या. बाप असावा तर असा, म्हणाल्या. किसनराव दोन दिवस छाती काढून फिरत होते. ललिताबाईंना क्षणभर वाटलं, आपण या माणसाला इतकी वर्षं चुकीचं ओळखलं की काय.

एप्रिलच्या अखेरीला नीलम आली. वऱ्हाडातला उन्हाळा! सकाळी नवालाच भिंती तापतात, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आतल्या खोलीच्या खिडकीत लोखंडी घोडीवर मोठा कूलर बसवलेला, बाजूच्या बोळात पाठ करून. नीलमची खाट बरोबर त्याच्यासमोर टाकली. सातव्या-आठव्या महिन्याची बाई, दिवसभर त्या थंड झोतात पडून राहायची. दुसरं करणार काय? बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती.

आधी शिंका. मग डोळे. मग रात्रंदिवस खोकला. आठवड्याभरात पोरगी चार पावलं चालली की भिंतीला हात लावून उभी राहायची. ललिताबाई नवऱ्याकडे पाहत, आणि किसनरावांचा चेहरा तर उजळलेला!

"आता पाह्य," ते म्हणाले. "पाखरं घरात हायेत का? नाईत. तरी शिंकते का? शिंकते. म्हंजे पाखरायचा दोष नाई. सिद्ध झालं. याले म्हन्तात प्रयोग."

"मंग कायचा दोष हाय?"

"काँग्रेस गवत. रेल्वेच्या हद्दीत केवढं माजलं ते पाह्यलं नाई का? नाई त अकोल्याची धूय. नाई त मनाचं असते. गरोदर बाईचं मन कमजोर होते, मी वाचलं हाय."

वाचलं हाय म्हणे! या माणसानं रेल्वेच्या वेळापत्रकाशिवाय काय वाचलं होतं ते ललिताबाईंना ठाऊक होतं. पण मुद्दा बिनतोड वाटत होता. पक्षी खरंच घरात नव्हते. ललिताबाईंनी खोली दोनदा पुसून काढली, उशा बदलल्या, फोडणी द्यायचं बंद केलं. आणि पोरीला जास्त त्रास झाला की त्या काय करत? कूलरचा वेग वाढवत. जरा मोकळी हवा लागू दे म्हणत. डॉक्टरनं दिलेला पंप नीलम ओढायची, घटकाभर बरं वाटायचं, आणि पुन्हा खाटेवर येऊन त्याच झोतात पडायची.

एका दुपारी तिला वाक्य पुरं करता येईना. "आई" म्हणायची आणि थांबायची. ओठ काळे पडायला लागले. ललिताबाईंनी सुगतला फोन लावला, तो बँकेच्या कामानं अमरावतीतच होता, तसाच गाडी घेऊन आला. किसनराव दारात उभे राहून म्हणत होते, "अरे, एवढ्या उन्हात कायले नेता? सायंकायी जा." सुगत जन्मात सासऱ्याला उलट बोलला नव्हता. त्या दिवशीही बोलला नाही. त्यानं फक्त सासऱ्याला खांद्यानं बाजूला केलं आणि बायकोला उचलून गाडीत बसवलं.

अमरावतीत तात्पुरता ऑक्सिजन लावून तिला तिच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि अकोल्याच्या दवाखान्यात नीलम दोन दिवसांत माणसात आली. आठवड्यानं तिथंच मुलगी झाली. माहेरचे डबे भरलेलेच राहिले.

ललिताबाई तिकडं जायची बांधाबांध करत होत्या, तेव्हा आतल्या खोलीत घाण वास यायला लागला. कूलरच्या जाळीतलं पाणी धरणारं गवत सडलं असेल, म्हणून त्यांनी बोळात जाऊन मागची जाळी काढली. आणि हात तसाच राहिला. गवत दिसतच नव्हतं. त्याच्यावर बारीक पिसांचा थर बसला होता, हिरवी, पिवळी, करडी, ओल्या भुकटीनं एकमेकांना चिकटलेली. आणि त्यांच्या पाठीमागं, दोन हातांवर, बोळात शिरताना ज्याच्याकडे त्यांनी नीट पाहिलंही नव्हतं तो किसनरावांचा भला मोठा पिंजरा; कूलरच्या घरघरीत आतली चिवचिव महिनाभर खोलीत पोचलीच नव्हती. बोळात सावली असते, कूलरचं पाणी ठिबकतं, गारवा राहतो, म्हणून गृहस्थानं पाखरांसाठी नेमकी तीच जागा निवडली होती. आत कॉकटेल पंख झटकत होता. झटकला की भुकटी उडायची आणि कूलर ती घटाघटा ओढून घ्यायचा.

म्हणजे महिनाभर आपण पोरीला हे पाजत होतो! आणि तिचा जीव घाबरा झाला की वेग वाढवत होतो! ललिताबाईंनी आधी कूलर बंद केला. त्यांनी जाळी उचलली, घरात आणली आणि टीव्ही पाहणाऱ्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. पाणी त्याच्या पायजम्यावर गळायला लागलं.

"हे घ्या तुमचं तिकीट."

किसनरावांनी पाहिलं. पिसं पाहिली, भुकटी पाहिली. कोणत्याही माणसाला कळलं असतं, शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. किसनरावांनी बोटानं गवत कुस्करलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "गवतच नकली हाय. दुकानदारानं फसवलं."

ललिताबाई आत गेल्या. डिंकाचे डबे, दुपटी, दोन लुगडी पिशवीत भरली आणि पहिल्या गाडीनं अकोल्याला गेल्या. आईनं लेकीच्या घरी जाऊन बाळंतपण करायचं, लोक काय म्हणतील, असं किसनराव फाटकापर्यंत मागं येऊन म्हणाले. "लोकायले पिंजरा दाखवा," एवढं बोलून त्या ऑटोत बसल्या.

अकोल्यात त्यांचं बरं चाललं. नात गोरीगोमटी, रडकी, आवाजात थेट आजोबा. नीलमची छाती मोकळी झाली. बडनेऱ्याहून फोन यायचे. तिखटाचा डबा कुठं आहे, मिक्सरचं भांडं का बसत नाही, राजानं आज शीळ घातली. मधेमधे खोकला. कोरडा, बारीक, संपता न संपणारा. ललिताबाई फोन कानापासून दूर धरत आणि संपला की पुन्हा कानाला लावत.

नातीच्या नामकरणाला किसनराव आले. मूर्तिजापूर सोडल्यापासून फोनवर फोन. सुगतचं घर दुसऱ्या मजल्यावर. ललिताबाईंना आधी जिन्यातला खोकला ऐकू आला, मग तो थांबला, मग पुन्हा आला, जवळून. पहिल्या मजल्यावर त्यांनी मुक्काम केला असावा. शेवटी दारात उभे राहिले. नवा शर्ट, भांग पाडलेला, हातात चांदीच्या वाळ्यांची डबी.

"आंघोय करून आलो," त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. "साबन लावून."

लावला असेल. पण निघताना राजाला खांद्यावर घेतल्याशिवाय कसं निघणार? शर्टाच्या कॉलरला मागून एक पिवळं पीस चिकटलेलं होतं. ललिताबाईंनी पाहिलं. नीलमनंही पाहिलं. तिनं मुलीला छातीशी धरलं आणि ओढणी नाकावर घेतली.

"बाबा, तिथूनच पाहा."

किसनराव दारात, चपलांच्या रॅकजवळ उभे राहिले. सुगतनं मुलीला जरा उंच धरून दाखवलं. त्यांनी मान लांब करून पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. चौकट धरून वाकले, ओठ काळपट झाले. डबी हातातून पडली आणि वाळे जिन्यावरून खाली घरंगळत गेले. नीलमनं आईकडे पाहिलं. हा खोकला त्या दोघींच्या ओळखीचा होता.

"किती दिवसांपासून हाय हे?" ललिताबाईंनी विचारलं.

"काही नाई. पंख्याची हवा लागली."

"जिना चढता येत नाई तुमाले."

"जिनाच उभा बांधला हाय. अकोल्याचे मिस्त्री."

या माणसाला दवाखान्यात न्यावं, असं ललिताबाईंना मुळीच वाटत नव्हतं. प्रेमाचा तर प्रश्नच नव्हता. पण मेला तर ती पाखरं आपल्याच गळ्यात पडतील, हा विचार त्यांच्या डोक्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पायात चपला घातल्या आणि त्या किसनरावांना नीलमच्याच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलत. पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. छातीचा फोटो काढून आणायला लावला, तो उजेडाच्या पाटीवर लावून पाहिला. फुप्फुसं खराब व्हायला लागलीत, म्हणाल्या. वेळेत कारण सापडलं तर सावरतील, नाही सापडलं तर पुढं घरात ऑक्सिजनची टाकी ठेवावी लागेल. मग पेन उचललं. विडी-सिगारेट? नाही. दगडखाणीत, जिनिंगमध्ये काम? नाही, रेल्वे. शेवटी विचारलं,

"घरी पक्षी पाळलेत का?"

किसनरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं. एक भिंत होती, तिच्यावर मोटारसायकलच्या टायरची जाहिरात होती. तिच्याकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं, मग मान वळवून म्हणाले,

"नाही, मॅडम."

जन्मभर पंगतीपंगतीत ऐकलेला तो किस्सा, तो विनातिकीट माणूस, शेजारच्या खुर्चीत बसला होता. ऑक्सिजनच्या टाकीचं नाव ऐकूनही त्याला पाखरं वाचवायची होती. पोरीसाठी जे सोडलं नाही, ते स्वतःच्या जिवासाठीही सोडायला तयार नव्हता. निदान माणूस पक्षपाती तरी नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. ललिताबाईंनी हात पुढं केला आणि तळवा त्याच्या नाकासमोर धरला.

"दाखवा तिकीट."

डॉक्टरीणबाई गोंधळून एकदा बाईंकडे, एकदा बुवांकडे पाहायला लागल्या. किसनराव त्या तळव्याकडे पाहत राहिले. चेहरा उतरला, खांदे उतरले, खोकला आला, तो त्यांनी रुमालात दाबला. काळ्या कोटाचा सगळा तोरा त्या एका मिनिटात गळून पडला. म्हातारा दिसायला लागला माणूस.

"हायेत," ते म्हणाले. मग मॅडमसमोर बसलोय हे आठवून सावरून बसले, शर्ट खाली ओढला आणि शुद्ध भाषेत म्हणाले, "आहेत, मॅडम. पण ती बाहेर असतात. कूलरच्या मागं."

ललिताबाई हसल्या. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्यानं, बाहेरच्या बाकावरचे पेशंट डोकावून पाहतील इतक्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि थांबेना. शेवटी त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"कूलरच्या मागं," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "लिहून घ्या."